युकुलेलेच्या नव्या तारा सुरात टिकत नाहीत, काय करावं?

माडवाली | ११ जून, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आमच्या कॉलनीतल्या मुलांना मी संध्याकाळी युकुलेले (गिटारसारखं छोटं वाद्य, g, C, E, A या चार तारांचं) शिकवते. दहाएक वाद्यं आहेत, बहुतेक सोप्रानो म्हणजे लहान आकाराची, दोन-तीन त्याहून थोडी मोठी, कॉन्सर्ट. जुन्या तारा पडद्यांच्या जागी चपट्या झाल्या होत्या, आवाज मेला होता, म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या तारा बदलल्या. २१ तारखेला जागतिक संगीत दिनानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात मुलांचा छोटा कार्यक्रम आहे.

अडचण अशी की नव्या तारा सुरात राहतच नाहीत. ट्यूनरवर हिरवा दिवा लागेपर्यंत जुळवते, मूल कॉर्ड धरून दोन ओळी वाजवतं, तेवढ्यात A ची तार उतरलेली असते. तीच चढवून घेते तोवर g उतरते. C त्यातल्या त्यात बरी. तारा तीन प्रकारच्या आहेत: काही काळ्या नायलॉनच्या, काही पांढऱ्या नायलगट, दोन वाद्यांना फ्लुरोकार्बन. काही वाद्यांना गिअरच्या खुंट्या आहेत, काहींना मागून स्क्रू असलेल्या साध्या.

मी मूळची गाण्यातली, तंबोरा लावायची सवय आहे, त्यामुळे सूर लावणं जड जात नाही. पण लावलेला सूर दहा मिनिटंही टिकू नये हे मुलांच्या दृष्टीनं फार वाईट आहे. त्यांचा कान याच वयात तयार होतो. तारा बसायला किती वेळ लागतो? तो कमी करता येतो का? आणि दोष तारेचा की खुंटीचा, हे ओळखायचं कसं?

ठाणेकर_७ | ११ जून, रात्री ९.४५

ताई, नव्या तारा उतरणारच. आठवडाभर रोज वाजवायच्या आणि रोज जुळवायच्या. दुसरा उपाय नाही.

तारजोड | ११ जून, रात्री १०.३०

उपाय आहे, आणि बराच आहे. पुण्यात वाद्यदुरुस्तीचं काम करतो. नव्या तारांची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत तार जेवढी ताणते त्याहून जास्त ती गाठीतून आणि खुंटीवरून सरकत असते. म्हणून आधी बांधणी बघा.

ब्रिजला (वाद्याच्या पोटावर तारा जिथे बांधतात तिथे) आडवी पट्टी आणि भोकं असतील तर तार भोकातून मागे काढून, पट्टीवरून पुढे घेऊन, स्वतःखालून ओवून, शेपूट पट्टीच्या *मागच्या* उभ्या कडेवर दाबलं गेलं पाहिजे. शेपूट वरच्या सपाटीवरच अडकवलं तर ते मिलिमीटर-मिलिमीटरनं सुटत जातं. C जाड आहे, तिला एक पीळ पुरतो. A आणि g ला दोन-तीन पीळ द्या, त्या बारीक आणि गुळगुळीत असतात. फ्लुरोकार्बन तर फारच निसरडी. ब्रिजला नुसत्या खाचा असतील तर मागे आठाच्या आकड्यासारखी गाठ मारतात. बारीक तारेची एकेरी गाठ खाचेतून हळूहळू ओढली जाते, तिथे दुहेरी मारा.

खुंटीकडे तार भोकातून घेतल्यावर पहिला वेढा शेपटाच्या वरून, पुढचे खालून, म्हणजे शेपूट मध्ये आवळलं जातं. दोन-तीन वेढे पुरेत. उरलेली सगळी तार गुंडाळायचा मोह टाळा. सात-आठ वेढे एकमेकांवर चढले की ते आवळत राहतात आणि तेवढा काळ सूर खाली येत राहतो. वेढे खालच्या दिशेनं उतरू द्या, म्हणजे नटवर (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीवर) तार नीट टेकून बसते.

हे झालं की तार हातानं ताणून घ्यायची. एका हातानं पहिल्या पडद्यापाशी तार दाबून धरा. दुसऱ्या हातानं बाराव्या पडद्याजवळ बोटभर वर उचला, क्षणभर धरा, सोडा. मग थोडं ब्रिजकडे, थोडं नटकडे, अशी पूर्ण लांबी फिरा. पुन्हा जुळवा. पहिल्या खेपेला तार अर्धा-पाऊण सूर उतरेल, दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. ओढूनही काटा जेमतेम हलतो, इथवर आलं की थांबा. ब्रिजच्या अगदी जवळ हिसका देऊ नका, स्वस्त वाद्यांचा ब्रिज फक्त डिंकावर उभा असतो. हे काम मुलांवर सोडू नका.

आणि जुळवताना नेहमी खालून वर या. सूर चढला तर आधी बराच खाली उतरवा आणि मग वर घ्या. वरून खाली येऊन थांबलं की गिअरमधला मोकळा खेळ आणि नटमागे अडकलेला ढिलावा तसाच राहतो, आणि पहिल्याच झंकाराला सूर घसरतो.

माडवाली | ११ जून, रात्री १०.५५

फार उपयोगी. वरून खाली यायचं नाही हे तंबोऱ्यालाही तसंच. पण दोष नेमका कुठला हे कळायला काही खूण?

तारजोड | ११ जून, रात्री ११.१०

पेन्सिल घ्या. खुंटीच्या मुठीवर आणि तिच्या शेजारी लाकडावर एकमेकींसमोर दोन बारीक रेघा मारा. मग ब्रिजपाशी तार गाठीतून जिथे बाहेर येते, तिथे तारेवर पेनानं ठिपका द्या. तासाभरानं बघा. रेघा एकमेकींपासून सरकल्या असतील तर खुंटी फिरतेय. ठिपका गाठीपासून पुढे आला असेल तर गाठ सुटतेय. दोन्ही जागच्या जागी असून सूर उतरला असेल तर तार ताणतेय, तिला वेळ द्यायचा.

आणखी एक जागा म्हणजे नट. खुंटी फिरवताना काटा हलत नाही आणि मग एकदम टिक् आवाज होऊन उडी मारतो, असं होत असेल तर तार खाचेत अडकतेय. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. त्यानंही थांबलं नाही तर खाच अरुंद आहे, ती कानसकाम येणाऱ्याकडून करून घ्या.

पदार्थवेध | १२ जून, सकाळी ७.१५

तार ताणते म्हणजे काय होतं, त्याबद्दल थोडं. माझं काम प्लास्टिकच्या पदार्थांचं आहे आणि या विषयात मला मनापासून रस आहे.

नायलॉनचे रेणू लांबच लांब साखळ्या असतात. ताण दिला की त्या लगेच थोड्या ताणल्या जातात, आणि नंतर बराच काळ एकमेकींवरून हळूहळू सरकत राहतात. लांबी तीच ठेवली तरी आतला ताण कमी होत जातो. या घसरणीची चाल ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जेवढा सूर उतरतो, साधारण तेवढाच पुढे उतरायला दहापासून शंभर मिनिटं लागतात, आणि पुन्हा तेवढाच उतरायला शंभरपासून हजार मिनिटं. म्हणून पहिला दिवस असह्य वाटतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक सगळं शांत झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तार अजून उतरतच असते, फक्त इतकी सावकाश की एका गाण्यात कळत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. वाजवून झाल्यावर तारा ढिल्या करू नका. काही पालक वाद्य सुरक्षित राहावं म्हणून तसं करतात. ढिली केलेली तार आक्रसून थोडीफार पूर्वपदावर जाते आणि दुसऱ्या दिवशी बरीचशी घसरण पुन्हा सुरू होते. युकुलेलेचा ताण मुळात कमी असतो, सोप्रानोच्या A तारेवर साधारण ३ किलोचा. चांगल्या स्थितीतलं वाद्य तो कायम सोसायलाच बनवलेलं असतं.

आता A आणि g जास्त का उतरतात. तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण तिच्या जाडीवर अवलंबून नसतो. तो ठरतो पदार्थाची घनता, तारेची लांबी आणि स्वराची कंपनसंख्या यांवर, आणि कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. C ची कंपनसंख्या २६२, E ची ३३०, g ची ३९२ आणि A ची ४४०. म्हणजे एकाच प्रकारच्या तारा असतील तर A च्या पदार्थावर C च्या जवळजवळ २.८ पट ताण असतो आणि g च्या पदार्थावर सव्वादोन पट. C त्यातल्या त्यात बरी, असं ताईंनी लिहिलंय ते या हिशेबाशी जुळतं. याच कारणानं आकारानं मोठ्या टेनर युकुलेलेच्या तारा सोप्रानोपेक्षा जास्त ताणाखाली असतात, स्वर तेच आणि लांबी जास्त.

ताण १ टक्क्यानं घटला की सूर सुमारे ९ सेंट उतरतो. एका अर्ध्या सुरात १०० सेंट. पाच-सहा सेंटचा फरक दोन वाद्यं एकत्र वाजताना चांगल्या कानाला टोचतो. म्हणजे अर्ध्या-पाऊण टक्क्याची घसरणसुद्धा लपत नाही.

निळी_सायकल | १२ जून, सकाळी ८.४०

मी तर रात्री सगळ्या तारा अर्धा सूर चढवून ठेवते आणि सकाळी खाली आणते. दोन रात्रीत तारा बसतात. फार सोपा उपाय आहे.

तारजोड | १२ जून, सकाळी ९.३०

सोप्रानोला एखादी रात्र चालेल, पण मी हा उपाय सरसकट सांगत नाही. शाळकरी मुलांची वाद्यं बहुधा स्वस्तातली असतात, डिंक कसा आहे माहीत नसतं, आणि चारही तारा एकदम चढवल्या की सगळा भार ब्रिजवर येतो. उन्हात उभ्या गाडीत असं वाद्य राहिलं तर ब्रिज सुटलेला मी पाहिलाय.

पदार्थवेध | १२ जून, सकाळी १०.०५

अर्धा सूर चढवणं म्हणजे ताण १२ टक्क्यांनी वाढवणं. तार तेवढ्यानं तुटत नाही आणि जास्त ताणाखाली ती लवकर बसते, हे खरंच. पण सकाळी खाली आणल्यावर काही काळ उलटं होतं: तार थोडी आक्रसते आणि सूर हळूहळू *चढतो*. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हा प्रयोग केलात तर ऐन वेळी तारा वर चढत राहतील. करायचाच तर चार-पाच दिवस आधी करा.

केस वाळवायच्या यंत्रानं किंवा गरम पाण्यानं तारा लवकर बसतात असंही काही जण सांगतात. उष्णतेनं साखळ्या लवकर सरकतात हे खरं, पण त्याच उष्णतेनं डिंक मऊ पडतो आणि पॉलिश खराब होतं. त्या वाटेला जाऊ नका.

निळी_सायकल | १२ जून, सकाळी १०.२०

माझं वाद्य भक्कम आहे म्हणून आजवर काही झालं नसेल. मुलांच्या वाद्यांना हातानंच ताणणं बरं, पटलं. सूर नंतर वर का जातो हेही आज कळलं.

खुंटीवाला | १२ जून, दुपारी १.१५

मी मिरजेचा. आमच्याकडे सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यानुपिढ्या चालत आलंय. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. युकुलेले माझ्याकडे दुरुस्तीला अधूनमधून येतात, त्यामुळे साध्या खुंट्यांबद्दल लिहितो.

तंबोऱ्याची खुंटी निमुळती, लाकडाची, लाकडाच्या भोकात घट्ट बसणारी. ती सरकली की खडू लावतात, आणि जुळवताना फिरवत फिरवत आत दाबतात. जुन्या हवाईयन युकुलेलेंना अशाच लाकडी खुंट्या असायच्या. अशी लाकडी खुंटी असेल तर तुमची सवय जशीच्या तशी वापरा. पण हल्लीच्या स्वस्त सोप्रानोला जी खुंटी असते तिचं तंत्र वेगळं. तिच्यात दोन चकत्या लाकडाला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि मुठीच्या टोकाचा स्क्रू त्यांना धरून ठेवतो. तिथे खडू घालू नका, भुकटी आत जाऊन पकड उलट खराब होते. आत दाबूनही उपयोग नाही. स्क्रू पाव फेरा आवळा आणि बघा. मूठ हातानं फिरली पाहिजे पण तारेच्या ओढीनं फिरता कामा नये, ही जागा थोडी शोधावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, म्हणून ऋतू बदलला की स्क्रूला पुन्हा हात लावावा लागतो.

या खुंटीत गिअर नसतो, म्हणजे मूठ जेवढी फिरते तेवढाच दांडा फिरतो. ताईंची ज्या वाद्यांबद्दल जास्त तक्रार आहे ती याच खुंट्यांची असणार.

पदार्थवेध | १२ जून, दुपारी २.००

खुंटीवाले काकांच्या मुद्द्याला आकड्याची जोड देतो. सोप्रानोची तार सुमारे ३५ सेंटीमीटर, सुरावर आणताना ती काही टक्के ताणली जाते, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर. खुंटीचा दांडा ७ मिलिमीटर जाड धरला तर तो *एक अंश* फिरला की ढोबळमानानं ५ सेंटचा फरक पडतो. गिअरच्या खुंटीत, समजा १४ फेऱ्यांना एक फेरा असेल, तर त्याच फरकासाठी मूठ १४ अंश फिरवावी लागते. लहान मुलाच्या बोटांना एक अंश फिरवणं अवघडच. जमलं तर हळूहळू सगळ्या वाद्यांना गिअर बसवून घ्या.

पोलादाच्या तारेशी तुलना करायची तर गिटारची पोलादी तार सुरावर येताना एक टक्काही ताणली जात नाही आणि तिच्यात अशी दीर्घ घसरण जवळपास नसते. म्हणून गिटारवाले एका दिवसात मोकळे होतात. पण म्हणून कोणी युकुलेलेला पोलादी तारा लावू नका. तेवढ्या ताणासाठी ती बनवलेलीच नसते.

मांडवीचा_वारा | १२ जून, संध्याकाळी ७.३०

पणजीहून. जूनचा पाऊस सुरू झाला की माझ्या वाद्याचा सूर दोन-तीन दिवस बिथरतो, तारा जुन्या असल्या तरी. नव्या तारा आणि मोसमी पाऊस एकाच आठवड्यात आले तर दोन्हींचा परिणाम एकत्र दिसेल. नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेतं, फ्लुरोकार्बन जवळजवळ घेतच नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी याचा विचार करावा. मी तीन वर्षांपूर्वी फ्लुरोकार्बनवर गेलो आणि पावसाळा पुष्कळ सुसह्य झाला. आवाज थोडा काचेरी होतो, तो ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न.

पदार्थवेध | १२ जून, रात्री ८.१०

सहमत. फ्लुरोकार्बन हा मासेमारीच्या पारदर्शक दोऱ्यांचाच पदार्थ. घनता नायलॉनच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे त्याच सुराला तार बारीक लागते. नायलगट ही अक्विला या इटालियन कंपनीची, आतड्याच्या तारेची घनता आणि आवाज यांच्या जवळ जाणारी कृत्रिम तार. १८७९ साली मदेराहून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी जी छोटी वाद्यं नेली आणि ज्यांच्यापासून युकुलेले घडली, त्या काळी तारा आतड्याच्याच असत. नायलॉन दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. आतड्याच्या तारेला ओलावा सगळ्यात जास्त बाधतो. समुद्रात वसलेल्या बेटावर त्या तारा जुळवणाऱ्यांचे कान किती तयार असतील, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

एडिसनकर | १३ जून, पहाटे ४.५०

न्यू जर्सीत आमचं उलटं. हिवाळ्यात घरातली हीटिंग चालू झाली की हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसून पडद्यांची टोकं बोटाला लागतात. मुलीचं वाद्य आम्ही पेटीत, आत ओला स्पंज घातलेली भोकांची डबी ठेवून जपतो. रत्नागिरीत त्याची गरज नाही, तिथे सिलिका जेलची पाकिटं ठेवा. भरीव लाकडाच्या वाद्याला हे जास्त लागतं. थर चिकटवून केलेल्या लाकडाचं वाद्य हवामान बरंच सोसतं.

माडवाली | १६ जून, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

पेन्सिलीच्या रेघा आणि ठिपके सगळ्या वाद्यांवर केले. चार वाद्यांत खुंटी फिरत होती, स्क्रू आवळल्यावर थांबली. फ्लुरोकार्बनच्या दोन्ही वाद्यांत A ची गाठ सरकत होती, तीन पीळ देऊन पुन्हा बांधली. बाकीच्यांच्या तारा खरोखरच ताणत होत्या, त्या रोज संध्याकाळी ओढून घेतल्या. पालकांना तारा ढिल्या करू नका असा निरोप दिला. आज तासभराच्या वर्गात एकदाच जुळवावं लागलं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते, सगळ्यांचा C एकदम लागला तेव्हा त्यांनाच कळलं की काहीतरी वेगळं झालंय.

आता वेगळा प्रश्न. सगळं ट्यूनरवर बरोबर असताना C ची कॉर्ड धरली की मला E ची तार चढी वाटते. ती किंचित उतरवली की C सुंदर लागते, अगदी तंबोऱ्यातून गंधार यावा तशी. पण मग G ची कॉर्ड डगमगते. हे तार न बसल्यामुळे की आणखी काही?

ठाणेकर_७ | १६ जून, रात्री ९.३०

ट्यूनर स्वस्तातला असेल. दुसऱ्यावर बघा.

खुंटीवाला | १६ जून, रात्री १०.००

ट्यूनर ठीक आहे आणि ताईंचा कान तर अगदी ठीक आहे. C म्हणजे पांढरी एक, तो षड्ज मानला की E हा त्याचा शुद्ध गंधार. तंबोऱ्यात षड्ज नीट जुळला की जो गंधार स्वयंभू उमटतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. ट्यूनरचा E मात्र ४०० सेंटवर, कारण फ्रेटची, म्हणजे अशा पक्क्या पडद्यांची वाद्यं सप्तकाचे बारा सारखे भाग करून बांधलेली असतात. १४ सेंटचा हा फरक गाण्यातल्या माणसाला ऐकू येणारच. पेटीबद्दलची जुनी तक्रार यातलीच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांमध्ये तिच्या पक्क्या बसवलेल्या सुरांचा आक्षेप होता.

तारजोड | १६ जून, रात्री १०.२५

काकांनी मूळ सांगितलं, आता G का डगमगते ते. G धरताना g ची मोकळी तार आणि E तारेचा तिसरा पडदा, दोन्हींवर एकच G वाजतो. E तार १४ सेंट उतरवलीत की हे दोन G एकमेकांना धरत नाहीत आणि लाटा ऐकू येतात. तार बसलीय की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

हीच जोडी तपासणीसाठी वापरा. E चा तिसरा पडदा आणि मोकळी g एक. C चा चौथा पडदा आणि मोकळी E एक. E चा पाचवा पडदा आणि मोकळी A एक. पडदा दाबताना जोर कमी ठेवा, नायलॉनची तार जोरात दाबली की सूर चढतो. मुलं कॉर्ड आवळून धरतात तेव्हा अर्धा गोंधळ त्यामुळेच असतो.

सगळी गाणी C मधली असतील आणि G ची कॉर्ड थोडीच येत असेल, तर E चार-पाच सेंट उतरवून ठेवायला हरकत नाही. एकट्यानं वाजवताना मी तसं करतो. दहा मुलं एकत्र वाजवणार असतील तर सगळ्यांच्या E ट्यूनरवरच ठेवा. प्रत्येकानं आपल्या कानानं थोडं थोडं उतरवलं तर दहा वेगळे गंधार होतील.

माडवाली | १६ जून, रात्री १०.४०

पटलं. मुलांच्या वाद्यांवर ट्यूनरचाच E. माझ्या वाद्यावर मात्र चार सेंट उतरवून बघते, इतकी वर्षं ऐकलेला गंधार सोडवत नाही.

एक राहिलं. २१ तारखेला साथीला पेटी आहे, जुनी, आमच्या गुरुजींची. तिचा A ट्यूनरच्या ४४० वर नाही, किंचित वर आहे. आणि सभागृहाला एसी आहे.

खुंटीवाला | १७ जून, सकाळी ७.४५

जुन्या पेट्यांचं तसंच असतं. पेटीचे सूर बदलता येत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांनी तिच्याकडे जायचं. पेटीची पांढरी सहा म्हणजे A. तो सूर धरून ठेवा आणि ट्यूनरमधला ४४० चा आकडा बदलत जा, काटा मधोमध येईल तो पेटीचा आकडा. ४४२ असेल, ४४३ असेल. सगळ्या ट्यूनरमध्ये तोच आकडा घाला. आणि हे आजच करा, म्हणजे तारा उरलेले दिवस त्याच ताणावर बसतील.

तारजोड | १७ जून, सकाळी ९.१५

एसीसाठी: वाद्यं पिशवीतून काढून कार्यक्रमाआधी अर्धा-पाऊण तास सभागृहातच उघडी ठेवा, पण थेट झोताखाली नको. तार आणि लाकूड दोन्ही बदलतात, सूर चढेल की उतरेल हे वाद्यागणिक वेगळं, म्हणून आधी जुळवून काही मिळत नाही. वाद्यं खोलीच्या हवेला आली की मग शेवटचं जुळवा. गोंगाटात मोबाइलचा ट्यूनर चुकतो, वाद्याच्या खुंट्यांकडच्या टोकाला लावायचा क्लिपचा वापरा, तो लाकडातली कंपनं घेतो. आणि g जुळवताना ट्यूनर फक्त अक्षर दाखवत असेल तर सप्तक कानानं बघा, सैल पडलेली तार खालच्या G वरही हिरवा दिवा देते.

माडवाली | १७ जून, रात्री ९.००

पेटीचा आकडा ४४३ निघाला. सगळी वाद्यं त्यावर आणली, दहाही ट्यूनरमध्ये घातला. ज्या मुलांच्या खुंट्या साध्या आहेत त्यांची वाद्यं त्या दिवशी मी आणि एक पालक जुळवू, गिअरवाली मुलं आपली आपण जुळवतील.

एडिसनकर | १७ जून, रात्री ११.३५

ताई, एका वाद्याला पुरेल असा तारांचा जादा संच आणि दुसरं, आधीच बसलेल्या तारांचं तयार वाद्य बरोबर ठेवा. ऐन वेळी तार तुटली तर नवी तार लावून उपयोग नाही, ती त्या गाण्यापुरतीही टिकणार नाही. मुलाच्या हातात सरळ दुसरं वाद्य द्या.

माडवाली | १८ जून, सकाळी ६.५०

माझं कॉन्सर्ट ठेवते राखीव. म्हणजे त्यावरचा E पण ट्यूनरवर आणायला हवा. आजच आणते.